पुसलेला जिल्हा

१

सिद्रामप्पा चप्पल घालूनच दुकानात शिरला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. तीस वर्षांची आमची दोस्ती. नांदेडच्या वजिराबादेतल्या माझ्या या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लक्ष्मी राहते असं हा लातूरचा लिंगायत बाबा मानतो आणि चपला बाहेर काढतो. मला स्वतःला ती लक्ष्मी अजून दिसलेली नाही, ते सोडा.

त्यानं काउंटरवर दोन कॅसेटी आपटल्या. "दासराव, ऐका आणि सांगा. ती पंचशीला दगाबाज हाय का न्हाई!"

"अगोदर पाणी पी."

"पाणी कुठंय तुमच्या गावात तरी?"

हे मात्र खरं होतं. एकोणीसशे त्र्याऐंशीचा एप्रिल. गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. मी माठातून अर्धा पेला दिला आणि पहिली कॅसेट हातात घेतली.

ती अप्पाची स्वतःची. गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, त्या आनंदात यानं लातुरात 'मंजूळ ध्वनी' नावाची कॅसेट कंपनी काढली. कंपनी म्हणजे एक खोली, मोठ्या रिळावर गाणं टिपणारं एक स्पूलचं यंत्र आणि कॅसेटी भरायचं एक यंत्र. ही त्याची पहिलीच कॅसेट, पंचशीलाच्या भीमगीतांची. वर तीन रंगांचं गुळगुळीत कव्हर, त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि लालभडक अक्षरं: 'नव्या जिल्ह्याची पहिली कॅसेट!' दुसरी कॅसेट पांढरीफेक. वर पेननं फक्त 'पंचशीला' लिहिलेलं.

"ही पांढरी तुमच्या बस स्टँडावर विकून राहिलेत," अप्पा म्हणाला. "यंदा दुष्काळामुळं जयंतीला कुणाकडंच बँड न्हाई. वस्ती-वस्तीत कॅसेट वाजणार. म्हणून तर घर गहाण टाकल्यासारखा जीव टाकला मी हिच्यात. आणि माझा माल परत येऊन राहिलाय, ही चोरटी हातोहात जातीय!"

मी आधी अप्पाची लावली. दुसऱ्याच गाण्याला आवाज पोहायला लागला. तिसऱ्याला टेप गुंडाळली गेली. पेन्सिल घालून सोडवली आणि शेवटच्या गाण्यावर आणली. त्यात रिवाजाप्रमाणे अखेरच्या कडव्यात गाणाऱ्याचं नाव-गाव येतं:

तळेवाडी गाव माझं, लातूर नवा जिल्हा गं
पंचशीला सांगे बाई, शिकणं हाच किल्ला गं

मग पांढरी लावली. तेच गाणं, तोच आवाज, तीच ढोलकी. पण शेवटी:

तळेवाडी गाव माझं, उस्मानाबाद जिल्हा गं

"ऐकलं?" अप्पानं काउंटरवर हात मारला. "रेकॉर्डिंगच्या दिवशी बी ती पहिल्यांदा असंच गायली. जुनी सवय. कव्हर तर छापून तयार, वर नवा जिल्हा! मी म्हटलं, पुसा हे. माझ्या भाच्यानं, मन्मथानं पुसलं. मग तिनं 'लातूर नवा' गायलं. आता पहिल्यांदा गायलेलं पुसलं, तर हे कुठून आलं? चोरांकडं जाऊन ती पुन्हा गायली आणि सवयीनं पुन्हा उस्मानाबाद म्हणाली! मी माझ्या जाहिरातवाल्या नरसिंगला जीप देऊन पाठवलंय. गावोगाव भोंग्यावर सांगायला, की गायिकेनं दगा केलाय, बनावट माल घेऊ नका."

"झालं! विचारायच्या आधी दवंडी पिटली?"

"मग काय आरती करू तिची?"

मी त्याला गप्प बसवलं आणि पांढरी कॅसेट पहिल्यापासून लावली. आमच्या धंद्यात एक गोष्ट पोरासोरालाही ठाऊक असते. कॅसेटवरून कॅसेट केली की आवाज उतरतो, खरखर वाढते. नक्कल असलपेक्षा हलकीच निघणार. आणि इथं तर तिच्या श्वास घेण्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"अप्पा," मी म्हणालो, "तुझी चोरटी कॅसेट तुझ्या खऱ्या कॅसेटपेक्षा दहापट चांगली आहे. हे कसं काय?"

२

अप्पाला दुकानात बसवून मी बस स्टँडावर गेलो. पंढरीचा कॅसेटींचा गाडा तिथं असतो. मला बघून तो गल्ल्यामागून उठला.

"कुणी दिल्या रे पांढऱ्या कॅसेटी?"

"मला काय ठावं, काका. लातूरच्या एसटीनं पार्सल येतंय. नाव न्हाई, गाव न्हाई. एक चिठ्ठी तेवढी होती." त्यानं ती काढून दाखवली. छापल्यासारख्या अक्षरांत एवढंच होतं: 'आधी वाजवून दाखवा, मग विका.'

"आणि तू तसं केलंस?"

"हाव! लोकं उभी ऱ्हायली की ऐकत! एक म्हातारी माहूरच्या गाडीत चढायची सोडून इथंच बसली. परवा हिमायतनगरची मंडळी आली, म्हणली, तीच द्या बिनकव्हराची. कव्हरवाली फुकट दिली तरी नको."

मी चिठ्ठी खिशात घातली. ती लिहिणारा विचित्र चोर होता. चोराला माल लवकर खपवायची घाई असते, आणि हा गिऱ्हाइकाला सांगत होता, थांब, आधी ऐक.

दुकानात परत आलो तर अप्पा बाकावर मान टाकून बसलेला. पांढऱ्या कॅसेटचं शेवटचं गाणं कानाला हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. एकदा, दोनदा, सातदा. माझी बायको विनीता म्हणते की मला घरातलं काही ऐकू येत नाही आणि यंत्रातलं सगळं ऐकू येतं. बरोबर बोलते ती.

सातव्या खेपेला सापडलं. 'किल्ला गं' म्हणून तिनं शेवटचा सूर सोडला आणि ढोलकी थांबायच्या आत, लांबून, पत्र्यावर लोखंड आपटावं तसे तीन ठोके आले. ठण्, ठण्... ठण्. तालात नव्हते. कुठल्याही वाजवणाऱ्यानं ते तिथं मारले नसते.

अप्पाच्या कॅसेटवर ते नव्हते.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही लोहा-अहमदपूर मार्गे लातूरला निघालो. सगळ्या वाटेनं रोजगार हमीच्या कामावर बायका खडी फोडत बसलेल्या. अप्पा खिडकीतून बघत म्हणाला, "असल्या दिवसांत माणूस वस्तूकडं दुसऱ्यांदा बघत न्हाई, दासराव. म्हणून पहिल्यांदाच डोळ्यात भरंल असं कव्हर पाहिजे. भोंगा पाहिजे. नरसिंगचं म्हणणं बरोबर होतं. कव्हर भारी करायचं तर टेप जरा हलकी घ्यावी लागली, एवढंच."

"एवढंच?" माझं डोकं तडकलं. "अरे मर्दा, सुगीच्या दिवसांत माणूस खराब कॅसेट फेकून दुसरी घेतो. यंदा अख्ख्या वस्तीनं मिळून एक घेतली असेल. ती गुंडाळली तर ते तुला जन्मभर विसरतील का?"

अप्पानं अहमदपूरपर्यंत माझ्याकडं पाठ फिरवली.

त्याला लातुरात उतरवून मी एकटाच तळेवाडीला गेलो. बुद्धविहाराशेजारी पंचशीलाचं घर. दारात तिची आई सरजाबाई तांदूळ निवडत बसली होती. मी नाव सांगितलं तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"आणखीन काय ऱ्हायलंय बोलायचं? काल तुमची जीप आली. चावडीपुढं उभी करून भोंग्यावर माझ्या लेकीचं नाव घेतलं. दगाबाज म्हणले. वरच्या आळीतली माणसं माडीवर येऊन ऐकत होती."

"जीप माझी नाही, बाई. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस."

आतून पंचशीला आली. पंचविशीची, खडीनं हात फुटलेले. "जय भीम, काका. जयंतीला औशात गाणार होते. रात्री निरोप आला, येऊ नका म्हणून. लातूरच्याही कमिटीचा आला. मला काय तुरुंगाची भीती न्हाई. पण हे नाव घेऊन गाते मी. शेवटच्या कडव्यात नाव येतंय माझं. ते नासलं तर कशाच्या जोरावर गाऊ?"

मी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि पांढरी कॅसेट लावली. तिनं ती अजून ऐकलीच नव्हती.

'उस्मानाबाद' आलं तशी ती खाली बसली. त्या 'ना'वर तिचा आवाज वर चढतो आणि तिथंच थोडा वेळ थांबतो. सरजाबाईनं सूप पुन्हा उचललं होतं, तिच्या हातातला खडा हातातच राहिला.

"ही मीच हाय," पंचशीला म्हणाली. "पर हे तर पुसलं होतं ना, काका? मी त्या खोलीत जन्मात एकदाच गेलेय. आणि दुसरीकडं कुठं गायले असेन तर माझी जीभ झडो. मग ही बाई कवा गायली?"

४

दुसऱ्या दिवशी नरसिंग लातुरातच भेटला, गंजगोलाईत जीप पुसत. भोकरचा पोरगेला माणूस, बोलायला असा गोड की रिकामं पिंप भरलेलं म्हणून विकेल. अप्पाची सगळी जाहिरात त्याच्या हातात. खोलीची एक किल्लीही त्याच्याकडं असायची.

"मला खामखा संशयात घेऊ नका, काका," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या दिवशी मी उदगीरला पोस्टर लावून राहिलो होतो."

मी त्याला दोन्ही कॅसेटी ऐकवल्या. "फरक सांग."

त्यानं डोकं खाजवलं. "एकीला कव्हर हाय, एकीला न्हाई."

"आवाजात!"

"दोन्ही झकासच हायत की."

मी तिथंच त्याचं नाव यादीतून काढून टाकलं. नरसिंगनं चोरी केली असती तर चोरीच्या कॅसेटवर चार रंगांचं कव्हर छापलं असतं आणि भोंगा लावून विकली असती. 'आधी वाजवून दाखवा' ही चिठ्ठी त्याच्या हातून दहा जन्मांत लिहिली गेली नसती.

अप्पाची खोली एका बोळात, वरच्या मजल्यावर. कुलूप शाबूत, खिडकीला जाळी. आत अप्पा बसलेला आणि त्याचा भाचा मन्मथ यंत्रावर वाकलेला. औरंगाबादेत काम शिकून आलेला, अबोल, नखात कायम यंत्राचं तेल.

"काका, पहिलं गाणं मीच पुसलं," मी विचारायच्या आत तो म्हणाला. "मामांनी सांगितलं, मी पुसलं. स्पूल बघा हवं तर."

स्पूल लावून पाहिलं. 'लातूर नवा' होतं त्यावर, दुसरं काही नाही. मी खोलीच्या मधोमध उभा राहून बोटानं टेबलावर, कपाटावर, पेटीवर ठोकून पाहिलं. तसला आवाज कशातूनच निघेना. आता मात्र माझी मती गुंग झाली. लातूरपर्यंत येऊन हात हलवत परत जायचं आणि त्या पोरीला काय सांगायचं?

तेवढ्यात बोळात गलका उठला. घागरी, कळश्या, डबे घेऊन बायका धावल्या. टँकर आला होता. ड्रायव्हर खाली उतरला, हातात मोठा पाना, आणि त्यानं टाकीच्या पत्र्यावर ठोकलं.

ठण्, ठण्... ठण्.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. रांगेत पुढं एक कानडी वळणाचं बोलणारी पार्वतम्मा होती, तिला गाठलं. "अहो बाई, हा हॉर्न का वाजवत नाही?"

"हॉर्न कुठं हाय त्याला? बिघडून दोन महिने झाले. तवापासून असाच बडवतो, म्हणजे आम्हाला कळतं, आपला आला."

"रोज येतो?"

"रोज आला असता तर आम्ही असं पळालो असतो का? आठ दिवसांतून एकदा, बेस्तरवारी. तेबी ह्याच बोळात. पलीकडच्या गल्लीला दुसरा हाय, त्याचा हॉर्न चांगला हाय."

म्हणजे गुरुवारी. मी वर गेलो आणि अप्पाला विचारलं, "पंचशीलाचं रेकॉर्डिंग कुठल्या वारी होतं?"

"बेस्तरवारी," अप्पा म्हणाला. "का?"

मन्मथानं यंत्राचं झाकण लावलं.

५

"अप्पा, बस," मी म्हणालो. "आणि मधे बोलू नको, तुझी ती खोड आहे."

नरसिंगही दारात येऊन उभा राहिला. मी पांढऱ्या कॅसेटचा शेवट मोठ्यानं लावला. तीन ठोके आले. खाली बोळात ड्रायव्हरनं शेवटच्या बायकांसाठी पुन्हा पाना आपटला, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पण मी सांगितलंच. कोडं सुटलं की मला गप्प बसवत नाही.

"हे गाणं या बोळात, गुरुवारी, टँकर आला असताना गायलेलं आहे. पंचशीला या खोलीत एकदाच आली, तीही गुरुवारी. म्हणजे ती चोरांकडं गेली नाही. हे तेच पहिलं गाणं, जे तू पुसायला सांगितलंस. ते पुसलंच गेलं नाही. पुसलं म्हणून सांगणारा माणूस एकच. आणि नक्कल असलपेक्षा चांगली कशी? कारण ती कॅसेटवरून केलेली नाहीच. मूळ स्पूलवरून केलीय, चांगल्या टेपवर, सावकाश, एकेक. तसं करणारा हात या खोलीत एकच आहे."

अप्पा भाच्याकडं बघत राहिला. "मन्मथ?"

मन्मथानं कपाटामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक स्पूल काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मामा, मला ते पुसवलं नाही," तो म्हणाला. "बटणावर बोट होतं. झालंच नाही. मी तिथंच ते कापून वेगळं ठेवलं. ती त्या दिवशी काय गायली होती! 'उस्मानाबाद'मध्ये सूर लावायला जागा आहे. 'लातूर नवा'त कुठाय? दुसऱ्यांदा ती भिऊन गायली, आता चुकू नये म्हणून. गळा आवळलेला ऐकू येतो. तुम्ही म्हणालात, कव्हर छापलंय. कव्हरासाठी गाणं बदललं, कव्हरासाठी टेप हलकी आणली. लोक परत आणून देत होते आणि नरसिंग म्हणायचा, आणखी पोस्टर लावू. मला वाटलं, कुणीतरी एकदा खरं गाणं ऐकावं. इथं विकलं असतं तर कळलं असतं, म्हणून नांदेडला पाठवलं. पार्सलावर नाव टाकलं नाही, एक पैसाही मागितला नाही."

खरं सांगतो, मला त्याचा राग येईना. माझ्याही धंद्यात असलं वेड असतं. क्षणभर वाटलं, पोरगा माझा असायला हवा होता. अप्पाचं तोंड तर पडलंच होतं, आणि ते पडायलाच पाहिजे होतं. पण डोळ्यांपुढं ते खडीनं फुटलेले हात आले आणि माझा पारा चढला.

"शाबास! कान तुझा सोन्याचा आहे," मी म्हणालो. "चोरांकडं गायली म्हणून तिच्यावर आळ आला, तेव्हा तू कुठं होतास?"

"इथंच."

"जीप निघाली तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली.

"तिचा गळा आवळलेला तुला टेपवर ऐकू येतो. परवापासून ती घरात तोंड लपवून बसलीय, ते नाही ऐकू आलं? एक वाक्य बोलायचं होतं, मन्मथ. 'मी केलं.' तिचं गाणं वाचवलंस आणि तिला बुडू दिलंस."

मन्मथ रडायला लागला. नरसिंग जमिनीकडं बघत होता. दवंडी त्याच्याच तोंडची होती.

६

तळेवाडीला आम्ही चौघंही गेलो. अप्पा सगळी वाट मनाशी काहीतरी जुळवत होता. पंचशीलाच्या दारात पोचल्यावर त्यानं चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले.

"पोरी, चुकलं माझं. तुझं पहिलं गाणं काढतो. चांगल्या टेपवर. उस्मानाबाद तर उस्मानाबाद. कव्हर फाडून टाकतो. औशाला, लातूरला माणूस पाठवतो, तुझा कार्यक्रम होईल."

मन्मथ पुढं आला. "ताई, ते मी..."

पंचशीलानं त्याला हातानं थांबवलं. "दादा, तुमी माझं गाणं ठेवलं, ते लई चांगलं ठेवलं," ती म्हणाली. "पर मला माफ करायला आज सांगू नका. आज न्हाई होणार."

मग ती अप्पाकडं वळली. "मालक, इथं उंबऱ्यावर माफी मागितली, ती मला अन् आईला ऐकू आली. दगाबाज म्हणलेलं तर साऱ्या गावानं ऐकलंय. जीप कुठंय?"

"आणलीय."

"मग चावडीपुढं न्या. ज्या ज्या गावात नेली, तिथं तिथं न्या. आणि हा नरसिंग नको. त्याचा आवाज विकत मिळतो. तुमी बोला."

अप्पाला मी तीस वर्षांत सभेत कधी बोलताना पाहिला नाही. लग्नात हारसुद्धा दुसऱ्याच्या हातानं घालणारा माणूस. तो जीपमध्ये चढला. नरसिंगनं माईक त्याच्या हातात दिला, मन्मथानं खरखर काढून आवाज नीट लावला. चावडीपुढं माणसं गोळा झाली. वस्तीतली जवळ येऊन उभी राहिली, वरच्या आळीतली लांब, आपापल्या ओट्यावर. पंचशीला आईशेजारी उभी होती.

"मी लातूरचा सिद्रामप्पा," तो म्हणाला. भोंग्यातून त्याचा श्वास ऐकू आला. "परवा माझ्या जीपवरून पंचशीलाबाईला दगाबाज म्हटलं. ते खोटं होतं. तिनं कुणाला काही विकलं न्हाई. चोरी माझ्या घरातच झाली होती आणि आळ मी तिच्यावर घेतला. तिची माफी मागतो."

अप्पानं रुमालानं तोंड पुसलं, माईक खाली ठेवला आणि उतरायला पाय बाहेर काढला.

सरजाबाई गर्दीतून पुढं झाली आणि जीपच्या दाराला हात लावून उभी राहिली.

"अजून एकदा म्हणा," ती म्हणाली. "वरच्या आळीला ऐकू गेलं न्हाई."

अप्पानं पाय आत घेतला. त्यानं मन्मथाला भोंग्याचं तोंड वरच्या आळीकडं फिरवायला सांगितलं, माईक उचलला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.